टेबलावरचं वाक्य

चिमी स्वयंपाकघरात शिरली आणि आत्याबाईंनी बोलण्याची गाडी दुसरीकडे वळवली.

"...म्हणून म्हटलं, पडदे धुवायला काढायला हवेत."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या ताईंनीही लगेच मान वर करून पडद्यांकडे पाहिलं, जणू सकाळपासून त्या दोघींना पडद्यांचीच काळजी लागून राहिली होती. पडदे मागच्याच आठवड्यात धुतले होते, चिमीनेच. तिने चहाचं भांडं चढवलं आणि पाठीवर खिळलेल्या दोघींच्या नजरा मुकाट सोसल्या.

तक्रार आल्यापासून घरात हे असंच चाललं होतं. ती आली की दारं लोटली जात, फोन उपडे होत. जिन्यावर ऐकू आलेलं हसणं ती वर पोचेपर्यंत विझून जाई. माणसं वाचणं हा तर चिमीचा पेशाच. पण घरातली माणसं वाचायची वेळ आली की आपण अक्षरओळख नसल्यासारखं वागायचं, हे ती या घरात आल्या आल्याच शिकली होती.

खाली संस्था आणि वर घर, अशी ती इमारत. समुपदेशक घडवणारी ही संस्था सासऱ्यांनी उभी केली होती, आणि शहरातले निम्मे समुपदेशक त्यांच्याच हाताखालून गेले होते. सगळं शहर त्यांना सर म्हणे. घरात त्यांची मुलंही सरच म्हणत, आणि सासूबाई गेल्या त्याही नवऱ्याला शेवटपर्यंत सर म्हणतच गेल्या. ताई ही थोरली लेक. लग्न केलं नाही, संस्थाच सांभाळली. धाकटा तो चिमीचा नवरा. संस्थेचं कार्यालय बघायचा आणि चाळिशी ओलांडली तरी सगळ्यांचा 'बाळ'च होता. आत्याबाई सरांच्या बहीण. चार दिवसांसाठी राहायला आल्या होत्या त्या चिमीच्या लग्नाच्याही आधी.

चिमी खाणवस्तीतली. आजोबांच्या काळात दगडखाणीवर कामाला कुठून कुठून माणसं आणली गेली. रंगाने काळी, उच्चार जड. खाण बंद पडली, माणसं शिकली, शहरभर पांगली, पण 'खाणकरी' हे नाव काही सुटलं नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची तीही राहतच होती. चिमी याच संस्थेत शिकली, इथेच शिकवायला लागली, आणि सरांच्या मुलाशी लग्न करून वरच्या मजल्यावर राहायला आली. पाहुणे आले की सर तिला आवर्जून हाक मारत. "ही आमची सून," म्हणत, आणि मग पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते समाधानाने बघत.

आणि आता ही तक्रार. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, तीही खाणवस्तीतलीच, अंतिम परीक्षेत नापास झाली होती. परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष माणसासमोर बसायचं आणि परीक्षकांनी काचेमागून बघायचं. तिच्यासमोर आला होता घरोघर पार्सलं पोचवणारा, वस्तीतलाच एक तरुण. प्रत्येक फाटकावर पहारेकरी त्याचे खिसे, पिशवी, बूटसुद्धा तपासत. फक्त त्याचेच. हल्ली फाटक दिसलं की त्याचे हात थरथरायला लागत. झोप उडाली होती. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या मनाला काही रोग नाही झालेला. रोज असा अपमान झाला तर कुणाचीही झोप उडेल." मग हात थरथरतात तेव्हा तो काय करतो, कुणाला सांगतो, हे तिने हळूहळू काढून घेतलं. जाताना तो पोरगा सरळ खांद्यांनी गेला.

सरांनी तिला नापास केलं. समुपदेशकाने तटस्थ राहायचं असतं, हिने बाजू घेतली, असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तेव्हा सर म्हणाले, "खाणकऱ्यांना दुःख सांगताच येत नाही, तक्रार तेवढी येते. त्यात ऐकणारीही खाणकरी! मग ते समुपदेशन कसलं, तो मोर्चा."

टेबलावर हशा पिकला.

हेच वाक्य, त्यातल्या मोर्चासकट, शब्दाला शब्द त्या मुलीच्या तक्रारीत आलं होतं. संस्थेला मान्यता देणाऱ्या मंडळाची माणसं उद्या सकाळी चौकशीला येणार होती. आणि त्या संध्याकाळी टेबलाशी होते कोण? सर, ताई, आत्याबाई, बाळ आणि चिमी. नावं कुणीही कशीही मोजली तरी शेवटी उरायची ती एकच.

"चिमे," चहाचा कप हातात घेत ताई म्हणाल्या, "जरा खाली येतेस? निवांत बोलू दोघी."

रविवार असल्यामुळे खाली शुकशुकाट होता. ताईंनी सरावाची खोली उघडली. एकमेकींकडे किंचित तिरप्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, मधे रुमालांचा डबा, भिंतीवर मोठा आरसा. खोलीतून बघावं तर आरसा, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून बघावं तर काच. ताई सवयीने समुपदेशकाच्या खुर्चीत बसल्या. चिमीसाठी उरली ती दुसरी.

"हे सगळं तुला जड जात असणार," ताई हळुवारपणे म्हणाल्या.

"काय जड जात असणार?"

"हेच. दोन्हीकडून ओढ. इकडे घर, तिकडे तुझी माणसं."

"माझी माणसं म्हणजे कोण, ताई?"

ताईंनी उत्तर दिलं नाही. नुसत्या थांबल्या. समोरच्याला शांतता असह्य झाली की तो आपणहून बोलू लागतो, हे तंत्र. चिमीला एवढ्या प्रसंगातही हसू आलं.

"ताई, ही शांतता मी तुमच्याकडूनच शिकले. पहिल्या वर्षाला. आता तुम्ही म्हणाल, 'इथे बोललेलं इथेच राहील.'"

ताईंचा चेहरा उतरला. त्या नेमकं तेच म्हणणार होत्या.

"सरळच विचारा ना. मी सांगितलं का तिला?"

"सांगितलंस का?"

"नाही."

"बघ, मी काही न्यायाधीश नाही. एखाद्या वेळी भावनेच्या भरात माणूस..."

बोलता बोलता ताईंची नजर आरशाकडे गेली आणि चटकन परत आली. चिमीच्या मनात पाल चुकचुकली. तिने छताकडे पाहिलं. सत्र ऐकण्यासाठी बसवलेल्या माइकचा लाल ठिपका लुकलुकत होता. ती उठली.

"चिमे, थांब! अगं, ऐक तर—"

तिने बाहेर येऊन शेजारच्या खोलीचं दार उघडलं. अंधारात सर नेहमीच्या खुर्चीत बसले होते, परीक्षेला बसत तसेच, पाय लांब करून. आणि भिंतीपाशी, स्टुलावर, मान खाली घालून बाळ.

सर गडबडले नाहीत. गडबडण्याची त्यांना सवयच नव्हती. "शंका असली की ती फेडून घ्यावी," ते म्हणाले. "त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चला वर. सगळे मिळून बोलू."

चिमी नवऱ्याकडे बघत होती. त्याने मान वर केली नाही.

वर टेबलाशी सगळे आपापल्या जागी बसले. आत्याबाई तर आधीच येऊन बसल्या होत्या. खाली काय निघालं ते ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

"उद्या मंडळासमोर तू माझ्या शेजारी बसायचंस," सर चिमीला म्हणाले.

"मी काय सांगायचं?"

"काही नाही. तू दिसलीस की पुरे."

"सरळ आहे," आत्याबाई म्हणाल्या. "घरातली सूनच खाणवस्तीतली, म्हटल्यावर भेदभाव कुठून आला? बघणाऱ्याला डोळे आहेत ना!"

"पण आत्याबाई, आत्ताच तर मी फितूर होते. माझ्यावर काचेमागून पहारा होता. फितुराला शेजारी कसं बसवणार?"

"म्हणून तर एकदा स्वच्छ सांग म्हणतोय," सर म्हणाले. "ज्याने कुणी हे बाहेर नेलं, त्याने या घराचा विश्वास विकला. त्याला माझ्या संस्थेत थारा नाही. तू नाहीस म्हणालीस की माझ्यापुरता विषय संपला."

"मी नाही."

विषय संपला नव्हता, ते सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"मग काय टेबलाला तोंड फुटलं?" आत्याबाई पुटपुटल्या. "आणि एवढं लागलं होतं मनाला, तर तेव्हा बोलायचं होतंस. तेव्हा तर तूही हसलीस की आमच्याबरोबर!"

ते मात्र खरं होतं, आणि चिमीला बोचत होतं तेही तेच. ती हसली होती. सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे, पण हसली होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी जिन्यात आडवी आली, म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकलं?" तेव्हा चिमीने घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि "सरांना विचार" म्हणून ती वर निघून आली. आणि आज हे सगळे तिच्यावर आळ घेत होते तो एका धाडसाचा! ते धाडस तिच्या अंगी असतं तर मान ताठ ठेवून आळ तरी सोसता आला असता.

मग सांगितलं कुणी?

तिने एकेकाकडे पाहिलं. सर नाहीत. आत्याबाईंच्या तोंडून काहीही निसटू शकतं, पण त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. ताई? ताईंनी आडून विचारलं, सरांनी समोरून, आत्याबाईंनी तर भांडी आपटून आपटून विचारलं. या सगळ्या दिवसांत एकाच माणसाने तिला 'तू सांगितलंस का' असं विचारलं नव्हतं. बाळने. ती मनातल्या मनात त्याचे आभार मानत होती. सगळं घर संशयाने बघतंय, पण याचा माझ्यावर विश्वास आहे, असं तिला वाटलं होतं.

तो मिठाची बाटली उगाचच फिरवत बसला होता.

"बाळ, तू मला एकदाही का नाही विचारलंस?"

बाटली थांबली.

"सगळ्यांनी विचारलं. तू नाही. का?"

"कारण... तू नव्हतीस ते मला माहीत होतं."

"कसं माहीत होतं?"

बाळने बापाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. बायकोकडे मात्र बघवलं नाही. "ती मुलगी आपलं कपाट रिकामं करायला आली होती. कार्यालयात कुणी नव्हतं. म्हणाली, नापास केलंत ते केलंत, निदान माझं काय चुकलं ते सांगा. मी काहीतरी सांगायला गेलो, पण तिच्या तोंडाकडे बघून खोटं जमेना. टेबलावर जे बोललं गेलं होतं ते सांगून टाकलं."

आत्याबाईंचा हात तोंडावर गेला. सरांची नजर मुलावर खिळली. आता भडका उडणार म्हणून चिमीने खुर्चीची कड धरली.

"आधी मला सांगायचंस रे," सर म्हणाले. आवाज मऊ होता. "हळवा आहेस. आईवर गेलास."

"भोळा आहे हो पोर," आत्याबाई म्हणाल्या. "त्या मुलीनेच गोड बोलून काढून घेतलं असेल."

चिमी ऐकत राहिली. गेले कितीतरी दिवस हीच गोष्ट फितुरी होती, घात होता. आता ती हळवेपणा झाली होती. झालेलं काहीच बदललं नव्हतं. फक्त करणारा बदलला होता.

"सर," ताई अचानक म्हणाल्या, "ज्याने सांगितलं त्याला संस्थेत थारा नाही म्हणालात. मग बाळचं काय?"

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

"परीक्षेला काचेमागे मीही होते. मी त्या मुलीला पास केलं होतं," ताई पुढे म्हणाल्या. आता त्या चिमीकडे बघत होत्या. "तिने चांगलं काम केलं होतं. सरांनी डोळे वटारले आणि मी गुण फिरवले."

चिमीने मान हलवली, पण मनातली शंका तशीच राहिली. ताईंना खरोखरच बोचलं होतं? की उद्या सर अडचणीत आले तर खुर्ची कुणाला मिळते, याचा अंदाज त्यांनी बांधला होता? या घरात कुणाच्या चांगुलपणाकडे सरळ डोळ्यांनी बघायची तिची सवयच मोडली होती.

दुपारी खोलीत बाळ तिच्या मागोमाग आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"मी उद्या मंडळाला सांगणारच होतो."

"आणि आज? काचेमागे बसून बायकोची उलटतपासणी ऐकत होतास ना?"

"सरांनी बोलावलं."

"माझ्यावर आळ आलाय हे तुला दिसत होतं. एवढे दिवस."

"दिसत होतं." तो घुटमळला. "माझ्यावर आला असता तर मी कोसळलो असतो गं. तुझं तसं नाही. मला वाटलं, तुला... सवय आहे."

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. सरांचं टेबलावरचं वाक्य चिमीला एवढं लागलं नव्हतं. ते वाक्य तिला कधी ओळखून न घेतलेल्या माणसाचं होतं, हे नवऱ्याचं.

"हो, आहे सवय," ती म्हणाली. "तीच तर मोडायची आहे."

सोमवारी मंडळाची माणसं आली. अध्यक्ष म्हणजे एक पिकल्या केसांच्या बाई, अतिशय कमी बोलणाऱ्या. सरांच्या शेजारी एक खुर्ची मोकळी ठेवलेली होती. चिमी तिच्याकडे न जाता बाईंच्या समोर जाऊन बसली.

"आपण यांच्या सून ना?" बाईंनी विचारलं.

"इथे मी शिक्षिका म्हणून आलेय. तक्रारीतलं वाक्य खरं आहे. सर बोलले, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही का हसलात?"

"त्या टेबलावरची माझी जागा टिकावी म्हणून."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. आता आपण थांबलो तर पुन्हा बोलणं सुरू होणार नाही, हे चिमीला कळत होतं.

"त्या वाक्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. रंगावरून, वस्तीवरून ज्याला रोज हिणवलं जातं, असा माणूस समोर येऊन बसला तर काय करायचं, हे आम्ही इथे शिकवतच नाही. एक तासही नाही. मी स्वतः त्या वस्तीतली, पण मीही कधी शिकवलं नाही. मुलांनी विचारलं तर आम्ही सांगतो, तटस्थ राहा. तो पोरगा फाटकावर थरथरतोय, आणि त्याला आम्ही विचारायचं की तुझ्या मनात असे विचार का येतात! म्हणजे आम्ही पहारेकऱ्याच्या शेजारीच जाऊन उभे राहिलो की. त्या मुलीने ते केलं नाही. आम्ही कुणी शिकवलं नसताना केलं नाही. आणि म्हणून आम्ही तिला नापास केलं."

"याचा तुमच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो," बाई म्हणाल्या. "घरावरही."

"तो आधीच झालाय," चिमी म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा दाराशी बाळ उभा होता, धुतलेला शर्ट घालून, परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. तो काहीतरी बोलणार होता, पण आतून त्याला हाक आली. तो आत काय बोलला, हे ऐकायला ती थांबली नाही.

मंडळाने संस्था बंद केली नाही. बाहेरच्या परीक्षकांनी त्या मुलीच्या सत्राचं चित्रण पाहून तिला पास केलं. सरांना परीक्षक म्हणून बसायला मनाई झाली, आणि पुढच्या वर्षापासून काय शिकवायचं ते नव्याने ठरवायला सांगितलं गेलं. ते काम ताईंनी चिमीला दिलं. ते मनापासून की मंडळाला दाखवायला, हे चिमीने विचारलं नाही. सर आता वरच असत. चिमी समोर आली की जपून, शब्द तोलून बोलत. आत्याबाईंना ते फार वाईट वाटे. चिमीला वाटत नसे. बाळने आपण सांगितल्याचं मंडळापुढे कबूल केलं होतं, आणि रोज संध्याकाळी तो तिच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर टकटक करून चहा हवा का विचारी. ती कधी हो म्हणे, कधी नाही. तिचं अंथरूण त्याच खोलीत होतं, आणि ते तिथून कधी हलवायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं.

एका सकाळी ती मुलगी तिला जिन्यात भेटली. निकाल हातात पडला होता, तरी तोंडावर हसू नव्हतं.

"तुम्ही आत काय बोललात ते कळलं मला," ती म्हणाली. "हसलात तेही कळलं."

"हो."

"थँक्यू म्हणणार नाहीये मी."

"म्हणू नकोस."

मुलीने तिला वरपासून खालपर्यंत निरखलं, नव्या जागी खुर्ची पक्की आहे का बघावं तसं. "पुढच्या आठवड्यापासून मी वस्तीत समुपदेशनाला बसणार आहे, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. पहिले काही दिवस कुणी अनुभवी माणूस शेजारी असावं असा नियम आहे. ताई म्हणाल्या, तुम्हाला विचार."

"येईन."

"मधे बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि मी चुकले तर?"

"तर सांगेन."

"कुणाला?" मुलीने विचारलं. तिचे डोळे अजून चिमीच्या तोंडावरून हलले नव्हते.

"तुला," चिमी म्हणाली. "तुझ्या तोंडावर."

मुलीने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि म्हणाली, "मंगळवारी या. उशीर करू नका."